वार्धक्यशास्त्राची पदवी घरबसल्या : खर्च किती, उपयोग काय?

गेल्या काही वर्षांत व्यापारी घरांतील मुले-मुली परदेशी विद्यापीठांचे शिक्षण घरी बसून, संगणकावर घेऊ लागली आहेत. बहुतेकांची धाव एम.बी.ए. किंवा संगणकशास्त्राकडे असते. पण एक विषय असा आहे की ज्याचे नाव आपल्या पेठेत फारसे कोणी ऐकलेले नाही आणि ज्याचे गिऱ्हाईक मात्र दरवर्षी वाढतच जाणार आहे. तो विषय म्हणजे वार्धक्यशास्त्र. इंग्रजीत याला जेरन्टॉलॉजी म्हणतात. हा शब्द १९०३ साली एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने रूढ केला. या विषयाची मास्टर्स पदवी आज अमेरिकेतील विद्यापीठे पूर्णपणे ऑनलाइन देतात. तिचा खर्च मोठा आहे, म्हणून पैसे भरण्यापूर्वी माल नीट तपासून घेतलेला बरा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वार्धक्यशास्त्र आणि जरावैद्यक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जरावैद्यक म्हणजे जेरिएट्रिक्स, ते डॉक्टरांचे काम. हे नाव १९०९ साली इग्नाट्झ नॅशर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने दिले. वार्धक्यशास्त्राची पदवी घेऊन कोणी डॉक्टर होत नाही, नर्सही होत नाही. औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. माणूस म्हातारा होतो तेव्हा त्याच्या शरीराचे, मनाचे, कुटुंबाचे, पैशाचे आणि सरकारी कायद्याचे काय होते, हे सगळे एकत्र शिकणे म्हणजे वार्धक्यशास्त्र. आमच्या शब्दांत सांगायचे तर डॉक्टर एका ठाणाचा डाग पाहतो, हे लोक पूर्ण गोदामाचा हिशेब पाहतात.

एका विमा एजंटाची गोष्ट

या विषयाचे सर्वांत मोठे घराणे म्हणजे लॉस एंजेलिस येथील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचे लिओनार्ड डेव्हिस स्कूल ऑफ जेरन्टॉलॉजी. १९७५ साली ते सुरू झाले. जेम्स बिरेन नावाचे मानसशास्त्रज्ञ त्याचे पहिले डीन. वार्धक्यशास्त्राची पीएच.डी.सुद्धा अमेरिकेत पहिल्यांदा इथेच, १९८९ मध्ये, सुरू झाली. आज जगाच्या कोपऱ्यातला विद्यार्थी इथली मास्टर्स पदवी कॅम्पसवर पाऊल न ठेवता घेऊ शकतो.

पण व्यापारी वाचकांना अधिक रस वाटेल तो या शाळेच्या नावात. लिओनार्ड डेव्हिस हे कोणी प्रोफेसर नव्हते, ते न्यूयॉर्क राज्यातील एका छोट्या शहरातले विमा एजंट होते. त्यांची गोष्ट एथेल पर्सी अँड्रस या बाईंच्या गोष्टीशी जोडलेली आहे. अँड्रसबाई लॉस एंजेलिसमध्ये हायस्कूलच्या प्रिन्सिपॉल होत्या, १९४४ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांना आपल्याच पेशातली एक म्हातारी शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात राहताना आढळली, कारण पेन्शनमध्ये घरभाडे परवडत नव्हते. बाईंनी १९४७ साली निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. त्या काळी ६५ वर्षांवरील माणसाचा आरोग्यविमा उतरवायला कंपन्या तयार नसत. सरकारी मेडिकेअर योजना यायला अजून अवकाश होता, ती १९६५ ची. अँड्रसबाई एका कंपनीच्या दारातून दुसऱ्या कंपनीच्या दारात गेल्या आणि बहुतेक ठिकाणी नकार घेऊन परत आल्या. शेवटी डेव्हिस यांनी गटविम्याचा मार्ग काढला. एकटा म्हातारा धोक्याचा, पण हजारो म्हातारे एकत्र आले तर धोका वाटला जातो, हा साधा व्यापारी हिशेब त्यांनी मांडला. १९५८ मध्ये त्यातूनच ए.ए.आर.पी. ही संस्था उभी राहिली. ५० वर्षांवरील माणसांची ती आज अमेरिकेतील सर्वांत मोठी संघटना असून तिचे सभासद कोटींनी मोजले जातात.

डेव्हिस यांनी पुढे स्वतःची विमा कंपनी काढली आणि अफाट पैसा मिळवला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कंपनीवर आणि संस्थेशी असलेल्या तिच्या साटेलोट्यावर वृत्तपत्रांतून व टीव्हीवरून सडकून टीका झाली आणि दोघांचे नाते तुटले. म्हणजे गोष्ट निव्वळ पुण्याईची नाही. परंतु त्याच पैशाचा एक भाग विद्यापीठाला गेला आणि शाळा उभी राहिली, हेही तितकेच खरे. विद्यापीठातील संशोधन केंद्राला अँड्रसबाईंचे नाव आहे, शाळेला डेव्हिस यांचे. एकाच आवारात शिक्षिका आणि एजंट, दोघांची पाटी आहे.

अभ्यासात असते काय?

विद्यार्थ्याला दर आठवड्याला रेकॉर्ड केलेली व्याख्याने ऐकावी लागतात, भरपूर वाचावे लागते, लेखी चर्चेत भाग घ्यावा लागतो आणि निबंध लिहावे लागतात. काही वर्ग समोरासमोर, म्हणजे पडद्यावर ठरलेल्या वेळी होतात. लॉस एंजेलिसची संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा, थंडीच्या दिवसांत साडेसात. दुकान उघडण्यापूर्वीची ही वेळ नोकरी-धंदा करणाऱ्याला सोयीची आहे. वर्गात वीस-बावीसची पोरेही असतात आणि चाळिशी-पन्नाशीचे लोकही. या विषयात पिकल्या केसांचा विद्यार्थी विचित्र दिसत नाही.

विषयांकडे पाहू. शरीरशास्त्रात शिकवतात की डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळसर होत जाते. त्यामुळे निळा आणि काळा, निळा आणि हिरवा यांतला फरक म्हाताऱ्या डोळ्याला कळेनासा होतो. कापड दुकानदारांनी हे वाचून थोडे थांबावे. वयस्कर गिऱ्हाईक गडद निळे कापड काळे समजून घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी सून ते परत घेऊन येते, तेव्हा आपण कपाळाला हात लावतो. दोष ना त्याचा ना आपला, भिंगाचा आहे आणि दुकानातल्या दिव्याचा आहे. तसेच कानाचे. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स्त्रियांचे आणि मुलांचे बोलणे कळत नाही आणि लोक म्हणतात, 'आजोबांना सोयीचे तेवढेच ऐकू येते.' अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही, समोर उभे राहून सावकाश बोलावे लागते.

मानसशास्त्रात वॉर्नर शाय यांचा सिएटलचा अभ्यास शिकवला जातो. १९५६ पासून त्याच त्याच माणसांची बुद्धी त्यांनी दर सात वर्षांनी मोजली. नवी गोष्ट झटपट शिकण्याचा वेग वयाबरोबर मंदावतो, पण शब्दसंपत्ती आणि अनुभवाची समज बराच काळ टिकते, कधी वाढतेही. आणि सगळ्यांची उतरण एकाच वेळी सुरू होत नाही. गल्ल्यावर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला कॅलक्युलेटर जमत नसेल, पण कोणाला उधार द्यायचे नाही हे त्याला पोरापेक्षा चांगले कळते. या गोष्टीला शास्त्राचा आधार आहे, एवढेच.

बिरेन यांनीच तयार केलेली एक पद्धत मला सर्वांत जास्त आवडली. तिला मार्गदर्शित आत्मचरित्र म्हणता येईल. वृद्ध माणसे आठ-दहा जणांच्या गटात बसतात. दर वेळी एक विषय दिला जातो : आयुष्यातली वळणे, कुटुंब, पैसा, काम, आरोग्य, मृत्यू. प्रत्येकाने घरून एक-दोन पाने लिहून आणायची आणि गटात वाचून दाखवायची. 'पैसा' या विषयावर लोक सर्वांत अडखळतात म्हणे. आमच्या ओळखीतल्या कोणत्याही बुजुर्ग व्यापाऱ्याला विचारा, तो पैशाबद्दल तासभर बोलेल, पण स्वतःच्या पैशाबद्दल दोन ओळी लिहायच्या तर पेन खाली ठेवील.

समाजशास्त्राच्या भागात रॉबर्ट बटलर यांचे नाव येते. काळ्या-गोऱ्याचा भेद जसा, तसा वयाचाही भेद असतो, हे त्यांनी १९६९ साली सांगितले आणि त्यासाठी 'एजिझम' हा शब्द घडवला. माणसाला केवळ वयावरून निकामी ठरवणे, हा त्याचा अर्थ. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत म्हाताऱ्यासाठी दोन शब्द फार चालतात. एक 'जईफ', त्याचा मूळ अर्थ दुबळा. दुसरा 'बुजुर्ग', त्याचा मूळ अर्थ मोठा. एकाच माणसाला घरात काय म्हणतात यावरून बटलरसाहेबांचा धडा अर्धा समजून येतो.

'सहा कामे' आणि विम्याचा दावा

धोरण आणि व्यवस्थापनाचा भाग आपल्या पानाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा. सिडनी काट्झ या डॉक्टरांनी १९६३ साली एक मापपट्टी प्रसिद्ध केली. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे, मल-मूत्रावर ताबा आणि जेवणे, अशी ही सहा कामे. माणूस कोणती कामे स्वतः करू शकतो यावरून त्याला किती मदत लागेल हे ठरते. आज अमेरिकेतला दीर्घ शुश्रूषेचा विमा याच पट्टीवर चालतो. सहापैकी दोन कामे निदान तीन महिने जमणार नाहीत असे तज्ज्ञाने लिहून दिले तर दावा सुरू होतो. शास्त्रज्ञाच्या वहीतली यादी विमा कंपनीच्या करारात कशी येऊन बसते, त्याचे हे चांगले उदाहरण.

हा विमा लोक का घेतात? कारण मेडिकेअर नर्सिंग होमचा खर्च कायम उचलत नाही. इस्पितळातून आल्यावर फार तर १०० दिवस, तेही अटींवर. त्यानंतर माणसाने स्वतःच्या खिशातून द्यायचे. खासगी खोलीचा खर्च वर्षाला एक लाख डॉलरच्या वर जातो. जमापुंजी संपली की मग गरिबांसाठी असलेली मेडिकेड योजना हात देते. म्हणजे आयुष्यभर बचत करणारा मध्यमवर्गीय माणूस आधी कंगाल व्हायचा आणि मग सरकार मदतीला यायचे. अमेरिकेच्या श्रीमंतीचे कौतुक करणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

गिऱ्हाईक किती आहे, तेही पाहू. अमेरिकेत २०२० च्या जनगणनेत ६५ वर्षांवरील लोक ५ कोटी ५८ लाख होते, म्हणजे दर सहा माणसांत एक. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मोठ्या पिढीतले पहिले लोक २०११ मध्ये पासष्टीला पोहोचले आणि २०३० पर्यंत ती सारी पिढी पासष्टीपार झालेली असेल. घरच्या माणसांची विनावेतन सेवा करणारेच २०२० च्या एका पाहणीत ५ कोटी ३० लाख निघाले.

कापडवाल्यांसाठी थोडे वेगळे

सहा कामांच्या यादीत 'कपडे घालणे' दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे लक्षात घ्या. सांधे धरलेल्या किंवा कंपवात झालेल्या माणसाला शर्टाची बटणे लावणे म्हणजे डोंगर चढणे. नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरा हॉर्टन यांचे पती फुटबॉलचे प्रशिक्षक होते, त्यांना कंपवात झाला आणि शर्टाची बटणे लावायला खेळाडूची मदत घ्यावी लागली. बाईंनी बटणांच्या मागे लोहचुंबक बसवलेला शर्ट तयार केला आणि २०१३ पासून तो बाजारात आणला. बाहेरून तो साध्या शर्टासारखाच दिसतो, आणि त्याचे यश त्यातच आहे. कॅनडात सिल्व्हर्ट्स नावाची पेढी पाठीमागून उघडणारे झगे, बाजूने उघडणाऱ्या विजारी विकते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चुंबकाचा कपडा डॉक्टरांना विचारूनच घालावा, हे विक्रेत्याला माहीत हवे. वार्धक्यशास्त्र शिकलेला माणूस कपडा कंपनीला उपयोगी पडतो तो अशा ठिकाणी.

उलट उदाहरणही आहे. १९५५ मध्ये हाइन्झ कंपनीच्या लक्षात आले की दात नसलेले म्हातारे लहान मुलांचे डबाबंद अन्न घेतात. कंपनीने खास 'सीनियर फूड्स' नावाचे डबे काढले. माल चांगला, गरज खरी, पण कोणी घेईना. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या एजलॅबचे जोसेफ कॉफलिन ही गोष्ट नेहमी सांगतात. लहान बाळाचा डबा घेताना 'नातवासाठी' म्हणता येते, 'म्हाताऱ्यांचे अन्न' गल्ल्यावर ठेवताना स्वतःची म्हातारपणाची पाटीच ठेवावी लागते. याउलट १९९० मध्ये सॅम फार्बर यांनी, पत्नीला संधिवाताचा त्रास होता म्हणून, जाड रबरी मुठीचे सोलाणे बाजारात आणले. ते म्हाताऱ्यांसाठी आहे असे कुठेही लिहिले नाही, म्हणून ते सगळ्यांनी घेतले. ऑक्सो कंपनी त्यावर उभी राहिली.

आता पैशाचे बोलू

सदर्न कॅलिफोर्नियासारख्या खासगी विद्यापीठात एका युनिटची फी दोन हजार डॉलरच्या वर आहे. साऱ्या पदवीचा हिशेब साठ हजार डॉलरच्या वर जातो. रुपयांत ही रक्कम पन्नास लाखांपुढची आहे. ऑनलाइन म्हणून सूट मिळेल ही आशा धरू नये. वाचतो तो राहण्या-जेवण्याचा खर्च. सरकारी विद्यापीठे स्वस्त पडतात. बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ वृद्धसेवा व्यवस्थापनाची मास्टर्स पदवी ऑनलाइन देते. अनेक ठिकाणी चार-पाच विषयांचे ग्रॅज्युएट सर्टिफिकेटही असते. पाण्याची खोली बघायची असेल तर आधी ते करावे, असे माझे मत. बँकेतून डॉलर पाठवताना ठराविक मर्यादेपुढे टीसीएस कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो. पण रोख अडकते हे धरून चालावे.

तीन गोष्टी एजंट लोक सांगत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. पूर्णपणे ऑनलाइन शिक्षणावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याची जी तात्पुरती परवानगी कॅम्पसवरच्या विद्यार्थ्याला मिळू शकते, तीही नाही. दुसरे, नर्सिंग होम चालवण्यासाठी अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात वेगळा परवाना आणि परीक्षा असते, पदवी म्हणजे परवाना नव्हे. तिसरे, परदेशी ऑनलाइन पदवी आपल्या सरकारी नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला चालेल की नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोगाकडून पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी 'चालते हो' यावर पन्नास लाखांचा सौदा कोणी शहाणा माणूस करीत नाही.

पगाराचेही दोन टोके आहेत. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे घरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवणाऱ्या-बसवणाऱ्या सेवकाचा मधला पगार ताशी सुमारे १६ डॉलर होता. आरोग्यसेवेच्या व्यवस्थापकाचा मधला पगार वर्षाला १ लाख १० हजार डॉलरच्या आसपास होता. पदवीचा रस्ता दुसऱ्या टोकाकडे जातो खरा, पण आधीचा कामाचा अनुभव नसेल तर कोणी एकदम त्या खुर्चीवर बसवत नाही. म्हणून ज्याच्या घरी आधीच इस्पितळ, औषधांचे दुकान, विमा एजन्सी किंवा सेवाभावी ट्रस्ट चालतो, त्याच्या मुला-मुलीला ही पदवी लवकर फळ देईल. कोरी पाटी घेऊन जाणाऱ्याने कर्ज काढून जाऊ नये.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला मात्र एक सोय आहे, जी बोस्टनच्या पोराला नाही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने हार्वर्ड आणि याच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सोबतीने २०१७-१८ मध्ये भारतातील ४५ वर्षांवरील माणसांची मोठी पाहणी केली. तिला 'लासी' म्हणतात. ७२ हजारांवर लोकांची उंची-वजन, रक्तदाब, हाताच्या मुठीची ताकद, स्मरणशक्ती, मिळकत, मुलांकडून मिळणारे पैसे, सगळे नोंदवले गेले. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात महाराष्ट्राचेही वेगळे आकडे आहेत. मूळ माहिती अभ्यासकाला अर्ज करून मिळते. लॉस एंजेलिसच्या वर्गातला विद्यार्थी प्रबंधासाठी हीच माहिती संगणकावर उघडतो, पण प्रश्नावलीतल्या 'एकत्र कुटुंब' या शब्दाचा अर्थ त्याला तळटीप वाचून समजून घ्यावा लागतो.